डिश जुलैसाठी लावा: ठाणे-नवी मुंबईत घरच्या घरी फ्री टू एअर टीव्ही

नेरूळला माझी मावशी सिडकोच्या जुन्या इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर राहते. तिला टीव्हीवर पाहायचं असतं ते इतकंच: सह्याद्रीवरच्या बातम्या, सकाळी भजनं, दुपारी एखादा जुना हिंदी सिनेमा. "एवढ्यासाठी दर महिन्याला पैसे का मोजू मी?" असं तिनं विचारलं आणि मला काही उत्तर सुचेना. मग तिच्या गच्चीवर आम्ही दोघींनी मिळून डिश बसवली. त्यानंतर ठाण्यात आणि नवी मुंबईत ओळखीच्या सात-आठ घरी मी हे काम केलं. सगळीकडे प्रश्न तेच येतात आणि चुकाही त्याच होतात. म्हणून हे सगळं एकदा बैजवार लिहून काढते आहे.

आपल्याकडे डिश बहुतेक वेळा उन्हाळ्याच्या सुट्टीत बसते. आकाश निरभ्र असतं, कशीही लावली तरी चित्र दिसतं, आणि बसवणारा पैसे घेऊन जातो. जूनमधल्या पहिल्या मोठ्या सरीला पडद्यावर चौकोन उमटायला लागतात आणि मग "फुकटचं ते फुकटचंच" असं म्हणून डिशला दोष दिला जातो. दोष डिशचा नसतो, घाईत केलेल्या जुळणीचा असतो. खाली जे बारीकसारीक सांगते आहे, त्यातलं बरंचसं पावसातही चित्र टिकावं म्हणून आहे.

हे नेमकं काय असतं

फ्री टू एअर म्हणजे उपग्रहावरून येणारी वाहिनी, जिला कुलूप नाही. रिचार्ज नाही, महिन्याचं भाडं नाही. आपल्याकडे सुरुवात करायला सगळ्यात सोपी सेवा म्हणजे प्रसार भारतीची डीडी फ्री डिश. १६ डिसेंबर २००४ ला ती डीडी डायरेक्ट प्लस या नावानं सुरू झाली. आज ती जीसॅट-१५ या इस्रोच्या उपग्रहावरून येते. हा उपग्रह नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियन-५ रॉकेटनं सोडला गेला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या डोक्यावर, जवळपास ३६,००० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीच्या फिरण्याशी त्याचा वेग जुळलेला असल्यामुळे आपल्या खिडकीतून तो कायम एकाच जागी असतो. म्हणून तर डिश एकदा नीट लावली की वर्षानुवर्षं हलवावी लागत नाही.

दूरदर्शनच्या वाहिन्या, आकाशवाणीची बरीच केंद्रं आणि लिलावात जागा घेतलेल्या खासगी वाहिन्या यावर मिळतात. याच उपग्रहावर स्वयंप्रभा आणि पीएम ई-विद्या या शैक्षणिक वाहिन्याही आहेत, आणि त्या याच डिशवर येतात. घरात शाळेतली मुलं असतील तर माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा डिश लावण्यासारखी आहे. पीएम ई-विद्येत प्रत्येक इयत्तेची वेगळी वाहिनी आहे, आणि मोबाइलचा डेटा संपला तरी ती बंद पडत नाही.

आधी आकाश, मग खरेदी

बाजारात जाण्याआधी ही तपासणी करा, कारण ती जमली नाही तर बाकीचा खर्च वाया.

ठाण्यातून हा उपग्रह उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं १३१ अंशांवर, म्हणजे जवळपास आग्नेयेला, किंचित पूर्वेकडे झुकलेला आहे. क्षितिजापासून त्याची उंची साधारण साडेसत्तावन्न अंश. वाशी, नेरूळ, बेलापूरला हे आकडे अर्ध्या अंशानंसुद्धा बदलत नाहीत. मोबाइलमधलं होकायंत्र चालतं, कारण आपल्या भागात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाचाही फरक नाही. मात्र ते लोखंडी ग्रिलजवळ धरू नका. ग्रिलपाशी सुई वीस-वीस अंश भरकटलेली मी पाहिली आहे. खोलीच्या मध्यभागी किंवा गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात उभं राहून दिशा घ्या आणि दूरची एखादी खूण लक्षात ठेवा, एखादी पाण्याची टाकी, एखादा मोबाइल टॉवर.

उंचीसाठी साधी युक्ती: हात पूर्ण लांब करून मूठ धरली की ती आकाशातले सुमारे १० अंश झाकते. क्षितिजापासून एकावर एक पावणेसहा मुठी मोजा. मान चांगलीच वर करावी लागेल. त्यामुळे पारसिकचा डोंगर आडवा येईल का, ही भीती अनाठायी आहे. डोंगर एवढा उंच जातच नाही.

आडव्या येतात त्या समोरच्या इमारती. त्यासाठी हिशेब असा की समोरची इमारत तुमच्या डिशपेक्षा जितके मजले उंच, तितके दोन-दोन मीटर अंतर मधे हवं. वीस मजले उंच असेल तर चाळीस मीटर. घोडबंदर रोडच्या संकुलांत खालच्या मजल्यांवर इथंच गाडी अडते. झाडांनाही हाच नियम. गुलमोहराच्या फांद्या मार्चमध्ये उघड्या असतात आणि जुलैत पानांनी गच्च भरतात. ओलं पान सिग्नल पिऊन टाकतं.

आणि सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट म्हणजे डोक्यावरचा छज्जा. समोर मोकळं आकाश दिसतं, म्हणून माणूस खूश होतो, पण उपग्रह समोर नसून वर आहे. वरच्या मजल्याची बॉक्स ग्रिल किंवा छज्जा डिशच्या पुढे अर्धा मीटर आला असेल तर डिश त्याच्या किमान ८० सेंटिमीटर खाली हवी. वरच्यांच्या ग्रिलमधल्या कुंड्या आणि एसीचं युनिटही मोजा.

खिडकी पूर्वेला किंवा दक्षिणेला असेल तरी काम होतं, डिश ग्रिलमधून तिरकी लावावी लागते इतकंच. फक्त उत्तर किंवा पश्चिमेला खिडक्या असतील तर घरातून जमणार नाही, गच्चीच हवी.

अजून खात्री करायची असेल तर सूर्याची मदत घ्या. १२ मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराच्या सुमाराला आणि १ ऑक्टोबरच्या आसपास अकराला सात-आठ मिनिटं असताना सूर्य आपल्या आकाशात बरोब्बर या उपग्रहाच्या जागी येतो. त्या वेळी तुम्ही ठरवलेल्या जागेवर ऊन पडलं, म्हणजे तिथून उपग्रह दिसतो. सावली पडली, तर त्या सावलीचा मालकच तुमच्या सिग्नलचा शत्रू. बसवून झालेल्या डिशचं चित्रही याच दिवसांत, याच वेळेला काही मिनिटं जातं. सूर्यही रेडिओ लहरी फेकतो आणि त्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडतो. तेव्हा काही हलवू नका, चित्र आपोआप परत येतं.

सोसायटी

गच्ची सगळ्यांची असते. त्यामुळे सेक्रेटरींना दोन ओळींचा अर्ज द्या: डिशचा आकार, जागा, केबल कुठल्या डक्टमधून खाली येणार, आणि स्लॅबला भोक पाडणार नाही ही हमी. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आपल्याकडे गच्चीच्या गळतीनं सोसायट्या आधीच मेटाकुटीला आलेल्या असतात. वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबमध्ये अँकर बोल्ट ठोकणं हा खालच्या मजल्यावरच्या माणसावर अन्याय आहे. कठड्याच्या आतल्या बाजूला बोल्ट मारा, पाण्याच्या टाकीच्या भिंतीला लावा, किंवा लोखंडी चौकटीवर सिमेंटचे ब्लॉक ठेवून डिश उभी करा. ठाण्यात बऱ्याच इमारतींवर आता पत्र्याची शेड असते. तिच्या खाली डिश चालत नाही, पत्र्यातून सिग्नल आत येत नाही. शेडच्या कडेच्या जाड पाइपला क्लॅम्पनं धरता येते, पण पाइप हातानं हलवून पाहा. वाऱ्यात थरथरणारा पाइप नको.

काय घ्यायचं

डिश: निरभ्र आकाशात ६० सेंटिमीटरची पुरते. आपल्या पावसासाठी माझा आग्रह ७५ किंवा ९० सेंटिमीटरचा असतो. ९० ची डिश ६० च्या सव्वादोनपट सिग्नल गोळा करते, आणि पावसाशी झुंजायला तीच शिल्लक उपयोगी येते. पण ती वाराही तितकाच जास्त झेलते, म्हणून ९० फक्त गच्चीवर. ग्रिलला ६० च लावा.

एलएनबी: डिशच्या पुढे दांडीवर बसतो तो. युनिव्हर्सल घ्या, ज्याच्यावर ९७५० आणि १०६०० असे आकडे छापलेले असतात. हे काम करतं ते असं: उपग्रहाकडून ११०९० मेगाहर्ट्झची लहर येते. इतकी उंच लहर केबलमधून चार हातही नीट जात नाही. एलएनबी तिच्यातून ९७५० वजा करतो आणि १३४० मेगाहर्ट्झची लहर खाली पाठवतो. घरातल्या बॉक्समध्ये हा ९७५० चा आकडा चुकला, तर डिश कितीही अचूक असली तरी बॉक्सला काहीच सापडत नाही. घरी बसवलेल्यांच्या अडचणींत ही फार वेळा निघते.

सेट टॉप बॉक्स: एमपेग-४ (चित्र दाबून पाठवायची नवी पद्धत) वाला, एचडी. जुने एमपेग-२ बॉक्स अजून स्वस्तात गळ्यात मारले जातात. त्यांवर बऱ्याच गोष्टी दिसत नाहीत. टीव्ही नवा असेल तर आधी त्याची माहितीपुस्तिका उघडा. 'डीव्हीबी-एस२' असं लिहिलेलं असेल तर टीव्हीतच ट्यूनर आहे आणि केबल थेट टीव्हीला लावून सुरुवात करता येते.

केबल: आरजी-६, ७५ ओहमची, तांब्याची जाळी भरपूर असलेली. तीस मीटरपर्यंत काळजी नाही. मधे जोड देऊ नका, एकसंध तुकडा घ्या. शिवाय केबलच्या टोकांना लावायचे चार एफ कनेक्टर, बाहेरच्या हवेत टिकणारी रबरी टेप, युव्हीला टिकणारे काळे टाय, पान्हे, कटर आणि गवंड्याकडचा ओळंबा. ठाण्यात स्टेशनच्या आसपास हे सगळं मिळतं. निवडीला जास्त वाव हवा असेल तर मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड, आहेच. साधा संच दोन हजारांच्या आतबाहेर होतो. डिशच्या पत्र्यावर आणि बोल्टवर पैसे वाचवू नका. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत हलका पत्रा दोन पावसाळ्यांत गंजतो.

जुन्या, बंद केलेल्या डीटीएच कनेक्शनची डिश घरी पडून असेल तर तीही चालते. ती कंपनीची की तुमची, एवढं आधी पाहून घ्या, आणि एलएनबी मात्र नवा लावा.

खांब ओळंब्यात

डिशचा खांब तंतोतंत सरळ उभा हवा. याला लोक किरकोळ समजतात. खांब तिरका असेल तर डिश डावी-उजवी फिरवताना उंचीही नकळत बदलते, आणि दोन-दोन तास उपग्रह सापडत नाही. ओळंबा दोन बाजूंनी, एकमेकांना काटकोनात लावून बघा. मावशीकडे आम्ही एका दोऱ्याला जड कुलूप बांधून हेच केलं.

खिडकीतून काम करताना ग्रिलच्या बाहेर झुकायचं नाही. डिश आतून बाहेर ढकलायची, आधी दोरीनं ग्रिलला बांधायची, मग बोल्ट लावायचे. पाऊस सुरू असताना किंवा ढग गडगडत असताना गच्चीवर जायचंच नाही. गच्चीवरच्या डिशच्या खांबाला इमारतीच्या अर्थिंगशी जोडणारी जाड तार इलेक्ट्रिशियनकडून लावून घ्या.

कनेक्टर: इथं वेळ द्या

केबलचं टोक सोलताना बाहेरचं काळं आवरण दीड सेंटिमीटर काढा. जाळी मागे उलटवा. आतलं पांढरं फोम साधारण एक सेंटिमीटर काढलं की मधली तांब्याची तार उघडी पडते. आता नीट बघा, जाळीचा एखादा केसासारखा धागा मधल्या तारेला टेकलाय का. टेकला असेल तर शॉर्ट. बॉक्स केबलमधून एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट वीज पाठवतो, त्यामुळे हा धागा बॉक्सही बिघडवू शकतो. कनेक्टर फिरवून घट्ट बसवा, मधली तार त्याच्या तोंडाबाहेर दोन मिलिमीटर दिसली पाहिजे. दाबून बसणारे कनेक्टर आणि त्यांचं हत्यार मिळालं तर अधिक चांगलं, त्यात पाणी शिरत नाही. केबल जोडताना बॉक्सचं बटण भिंतीवरून बंद हवं.

बॉक्सची तयारी

गच्चीवर जाण्याआधी बॉक्सच्या मेनूत उपग्रह निवडा. यादीत तो जीसॅट-१५ किंवा जुन्या नावानं इन्सॅट-४बी, ९३.५ पूर्व असा असतो. दोन्ही एकाच जागेचे, फरक पडत नाही. एलएनबी प्रकार युनिव्हर्सल, ९७५०/१०६००. मग एक ट्रान्सपाँडर, म्हणजे उपग्रहावरचा वाहिन्यांचा एक गट पाठवणारा प्रक्षेपक: फ्रिक्वेन्सी ११०९०, ध्रुवण (लहर उभी की आडवी) उभं म्हणजे व्ही, सिम्बॉल रेट २९५००. तो पकडला नाही तर ११५७० किंवा ११६३० बघा, बाकीचे दोन आकडे तेच. स्क्रीनवर दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. स्ट्रेंग्थकडे दुर्लक्ष करा. एलएनबीला वीज मिळाली की डिश भिंतीकडे तोंड करून असली तरी ती पट्टी भरते. आपल्याला हवी ती क्वालिटी. ती शून्यावरून हलली, म्हणजे बॉक्सनं खरंच उपग्रहाचं ऐकलं.

शोध

हे दोघांचं काम. मावशी खाली टीव्हीसमोर, मी वर, मधे फोन स्पीकरवर. तिला मी एवढंच सांगितलं होतं की खालच्या पट्टीचा आकडा वाचत राहा.

आधी उंची. आपल्या डिश ऑफसेट प्रकारच्या असतात, म्हणजे एलएनबी खालून तोंड वर करून बसलेला असतो. अशी डिश दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर बघत असते. म्हणून डिशचा चेहरा ५७ अंश वर वळवायचा नाही. ब्रॅकेटवर अंशांच्या खुणा असतील तर ५७-५८ वर ठेवा, तो फरक त्यात धरलेला असतो. खुणा नसतील तर चेहरा उभ्या रेषेपासून साधारण ३३ अंश मागे रेलला, की सुरुवातीला पुरेसं.

बोल्ट इतकेच आवळा की डिश हातानं हलेल पण सोडली की जागेवर राहील. आता तोंड आग्नेयेला करा आणि अगदी सावकाश फिरवा. किती सावकाश? ६० सेंटिमीटरच्या डिशची कड अर्धा सेंटिमीटर सरकली की दिशा एक अंशानं बदलते. आणि या डिशची नजर सगळी मिळून तीन अंशांची. कड सव्वा ते दीड सेंटिमीटर सरकली की उपग्रह गेला. म्हणून चिमूटभर हलवायची, तीन सेकंद थांबायचं, कारण बॉक्सला ओळखायला वेळ लागतो, मग पुन्हा चिमूटभर.

"शून्य... शून्य... काहीच नाही गं... अगं थांब, बत्तीस! अडतीस! गेलं."

गेलं की आलो तेवढंच परत. पूर्ण आग्नेय पालथी घालूनही काही मिळालं नाही तर उंची एक अंश वर, पुन्हा तीच फेरी, मग एक अंश खाली.

शेजाऱ्यांच्या डिशकडे पाहून अंदाज घेता येतो. डिश टीव्हीचा उपग्रह ९५ अंशांवर, म्हणजे अगदी शेजारी आहे, आणि सन डायरेक्टच्या काही वाहिन्या तर जीसॅट-१५ वरूनच येतात. टाटा प्लेची डिश मात्र ८३ अंशांकडे, दक्षिणेला वीस अंश अधिक वळलेली असते. तिच्या मागे गेलात तर फसाल.

या शेजारामुळेच काट्याचा स्वस्त सॅटेलाइट फाइंडर मी वापरत नाही. तो कुठलाही उपग्रह दिसला की चिवचिवतो, कोणता ते सांगत नाही. ९३.५ आणि ९५ यांच्यामध्ये जिथं दोन्हींचा मिळून आवाज मोठा, तिथं तो तुम्हाला नेऊन ठेवतो.

एलएनबीची फिरकी

हे सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून जरा थांबते. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन प्रकारच्या असतात. फ्री डिशच्या उभ्या. पण 'उभ्या' कोणाच्या हिशेबानं? उपग्रहाच्या खाली विषुववृत्तावर उभ्या माणसाच्या. आपण त्याच्या पश्चिमेला वीस अंश आणि उत्तरेला एकोणीस अंश आहोत, त्यामुळे आपल्याला त्याचं उभं तिरकं दिसतं. ठाण्यात हा तिरकेपणा जवळपास ४५ अंश आहे. एलएनबी सरळ ठेवला तर निम्मा सिग्नल वाया जातो आणि आडव्या लहरीही तितक्याच जोरानं आत शिरतात. उलट्या बाजूला ४५ अंश फिरवला तर उभं सगळं गेलं, फक्त आडवं हातात.

डिशच्या मागे, तोंड आकाशाकडे करून उभे राहा. एलएनबीची केबल जिथून निघते ते टोक आधी घड्याळातल्या सहावर धरा. आता ते घड्याळाच्या उलट दिशेनं, साडेचारपर्यंत न्या. मग पट्टीचा आकडा ऐकत थोडं इकडे, थोडं तिकडे. आकडा वाढेल तिथं थांबा.

माझ्या स्वतःच्या घरी, वर्तकनगरला, पहिली डिश बसवायला आलेल्यानं एलएनबी पाचवर सोडला होता. एप्रिलमध्ये चित्र स्वच्छ होतं, मी खूश. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात साध्या सरीलाही चित्र जाऊ लागलं. मी डिश बदलायला निघाले होते. शेवटी छत्री धरून पाऊस उघडल्यावर एलएनबी बोटभर फिरवला आणि क्वालिटी ५१ वरून ६८ वर गेली. त्या पावसाळ्यात मग फक्त अगदी अंधारून आलेल्या सरींनाच चित्र गेलं, तेही पाच-दहा मिनिटं. पाऊस फारच कोसळत असेल तर कुणाचीच डिश टिकत नाही. पाण्याचे थेंब या लहरी शोषतात, त्याला इलाज नाही. पण रिपरिपीला चित्र जात असेल तर कुठंतरी जुळणी कमी आहे, हे नक्की समजा.

आवळणं

बोल्ट एक पूर्ण आवळून मग दुसरा, असं करू नका, डिश एका बाजूला ओढली जाते. सगळे थोडे-थोडे, आळीपाळीनं. प्रत्येक फेरीनंतर आकडा विचारा. उतरला तर ढिलं करून परत. शेवटी डिशची वरची कड एका बोटानं हलकेच मागे दाबा, मग पुढे ओढा, मग डावी-उजवी. चारही वेळा आकडा कमी झाला पाहिजे. एखाद्या बाजूला दाबल्यावर आकडा वाढत असेल तर तुम्ही अजून शिखरावर नाही. ही परीक्षा मी कधीच चुकवत नाही.

आता कनेक्टरवर रबरी टेप ताणून, खालून वर, छपराच्या कौलासारखी एकावर एक चढवत गुंडाळा. केबल एलएनबीतून सरळ खोलीत नेऊ नका. खिडकीतून आत येण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, केबलवरून घरात येणार नाही. केबल घट्ट दुमडूही नका, वळण बशीएवढं मोठं ठेवा.

मग खाली येऊन ऑटो स्कॅन. पाच-दहा मिनिटांत यादी भरते. आवडत्या वाहिन्या वेगळ्या लावून द्या, विशेषतः घरात वयस्कर माणसं असतील तर. मावशीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर सह्याद्री आहे आणि रिमोटवर तिला एकच बटण दाबावं लागतं.

दुसऱ्या खोलीतही टीव्ही असेल तर इथं एक सोय आहे. फ्री डिशचं सगळं उभ्या ध्रुवणात आणि एलएनबीच्या खालच्या, म्हणजे ९७५० वाल्या पट्ट्यात आहे. दोन्ही बॉक्स एलएनबीकडे एकच मागणी करतात, त्यामुळे वीज जाऊ देणारा चांगला स्प्लिटर लावून दोन टीव्ही चालतात. दोन तोंडांचा एलएनबी घेतला तर आणखी चांगलं, सिग्नल वाटला जात नाही.

नंतरची देखभाल

खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावानं ठरतात आणि साधारण १ एप्रिलला फेरबदल होतात. एखादी मालिका एकाएकी गायब झाली तर घाबरून डिश हलवू नका. आधी स्कॅन करा. वाहिनी सरकली असेल तर सापडेल, गेली असेल तर दुसरी आलेली असेल. "रिचार्ज संपलंय" असा फोन किंवा निरोप आला तर तो खोटा. या सेवेला रिचार्ज नाही.

मेअखेरीस एकदा वर जा. एलएनबीच्या तोंडावरचं प्लास्टिकचं झाकण उन्हानं तडकतं आणि पहिल्या पावसात आत पाणी जातं. चीर दिसली तर एलएनबी तेव्हाच बदला. कबुतरांची घाण पुसा, बोल्टना ग्रीस लावा, टेप सुटली असेल तर नवी घाला.

आणि जुळणी पूर्ण झाली त्या दिवशीच आणखी एक काम: पक्क्या मार्करनं खांबावर आणि डिशच्या क्लॅम्पवर एकच रेष ओढा, दोन्हींना ओलांडून जाणारी. तशीच एक उंचीच्या ब्रॅकेटवर, एक एलएनबी आणि त्याच्या पकडीवर. शेजारी तारीख आणि त्या दिवशीची क्वालिटी लिहा. गच्चीवर टाकी साफ करायला कुणी येतं, पापड वाळत घालायला कुणी येतं, पतंगाच्या मागे मुलं येतात, आणि डिशला धक्का लागतो. रेषा जुळवल्या की पाच मिनिटांत चित्र परत. मावशीच्या डिशवर '६६' लिहिलेलं आहे, आणि तिच्या शेजारच्या काकांनी मागच्या दिवाळीत तेवढ्या रेषा पाहूनच मला न बोलावता ती पुन्हा लावली.